कठड्याच्या आतली खुर्ची

हिरोसाकीच्या कोर्टात एक लाकडी कठडा आहे,
कमरेइतका. मधे झडप, दोन्हीकडे उघडणारी.
मी वकिली सुरू केली तेव्हा
गेलेल्यांची माणसं त्याच्या बाहेर बसत,
बातमीदारांच्या मागे, जागा उरली तर.
कुणी तसबीर आणली की शिपाई हळूच सांगे :
कापडातच राहू द्या, आरोपी विचलित होईल.
ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरंच;
पण त्यानं बोलायचं नाही, हाही नियमच होता.
फिर्याद सरकारची, गुन्हा सरकारविरुद्ध,
जणू त्या रात्री सायकलवरून
सरकारच पडलं होतं बर्फात.

मग कायदा बदलला.
नारिता तोमे, वय अडुसष्ट,
सफरचंदांच्या बागेतून थेट आलेली,
नखांत अजून काळी माती.
मला कोर्टानंच नेमलं होतं तिच्यासाठी.
झडपेपाशी ती थबकली,
परक्याच्या घरात थबकावं तशी,
आणि बूट काढू लागली.
म्हटलं, आजी, इथं काढायचे नसतात.
ती म्हणाली, आत म्हणजे आतच ना?

खुर्ची सरकारी वकिलाच्या शेजारी.
समोर आरोपी, सहा हातांवर.
त्याचं म्हणणं होतं : काहीतरी धडकलं,
वाटलं, बर्फाचा ढिगारा असेल. थांबलो नाही.
फाइल जाड होती, चोख होती.
वेग, अंतर, रक्तातली दारू, रस्त्याचा उतार.
कानाए त्या फाइलीत होती चार ओळी.

प्रश्न आधी लिहून द्यावे लागतात.
तोमेनं अकरा लिहिले, पेन्सिलीनं.
दहा मीच खोडले :
तुझी आई आहे का, तू काय जेवतोस,
झोप लागते का तुला.
खोडताना हात जड झाला, हे कबूल करते.
अकरावा ठेवला, फारसा विचार न करता.
सरकारी वकिलानं तो वाचला,
चष्मा पुसला, म्हणाला :
यानं शिक्षेत काही फरक पडणार नाही. पण विचारू दे.

ती उभी राहिली. टेबलाची कड धरली.
"तिचा डाव्या पायाचा बूट सापडला नाही.
आम्ही खूप शोधला. बर्फ वितळल्यावरसुद्धा.
तुम्ही पाहिलात का?"

न्यायाधीशांनी वर पाहिलं.
आरोपीच्या वकिलाचा हात अर्धा उचललेला,
हरकत कसली घ्यावी ते न सुचून तसाच राहिला.
आरोपीनं आपल्याच पायांकडे पाहिलं,
कोर्टानं दिलेल्या त्या प्लास्टिकच्या सपातांकडे.
हीटरची घरघर तेवढी चालू.
मग तो म्हणाला, तिलाच, दुसऱ्या कुणाला नाही :
"गाडीखाली अडकला होता.
आवाज येत होता. काढला."

काढला.
काढायला थांबावं लागतं.
उतरावं लागतं, वाकावं लागतं,
हात घालावा लागतो.
माझ्या शेजारी पेन धावू लागलं,
पान उलटलं, पुन्हा धावू लागलं.
सगळ्या खोलीला कळलं काय झालं ते.
तोमेला नाही कळलं, किंवा नको होतं.
तिचा एवढाच प्रश्न राहिला होता,
यादीत नसलेला. मी खोडू शकले नाही.
"मग कुठं ठेवलात?"

"पुलावरून," तो म्हणाला. "नदीत."

ती बसली. मान हलवली दोनदा,
पत्ता नीट सांगणाऱ्याला हलवतो तशी.

निकाल लागला मार्चमध्ये.
वर्तमानपत्रानं लिहिलं, सरकारी पक्षाला यश.
ते चूक म्हणता येणार नाही.
पायऱ्या उतरताना तिनं माझी बाही धरली :
वकीलबाई, तो उजवा बूट,
ज्याला चिठ्ठी लावलीय, नंबर घातलाय,
तो कधी परत देतात?
म्हटलं, अपिलाची मुदत संपली की. अर्ज मी करते.

ती म्हणाली, करा.
दोन नंबर मोठा घ्यायची ती.
जाड मोजे घालायला जागा राहावी म्हणून.
हेही लिहा त्यात, जमलं तर.