काल रात्रीपर्यंत चालू होता

काल रात्रीपर्यंत चालू होता, असं सगळेच सांगतात.
तांडेलांनीही तेच सांगितलं, चष्मा पुसत,
आणि मी नेहमीसारखं म्हटलं, बघू.

भाऊच्या धक्क्याजवळचा बर्फाचा कारखाना,
पहाटेचे पावणेपाच.
बाहेर लाद्या क्रशरमध्ये पडतायत,
त्यांचा कडकडाट टेबलावरच्या टाचण्यांपर्यंत येतो.
ऑफिसात एक पंखा, एक कॅलेंडर, एक कॉम्प्युटर,
त्याच्यावर क्रोशाचं झाकण,
झाकणावर मिठाचा हात.

आधी भिंतीवरचं बटण. हसू नका,
अर्ध्या वेळा तेवढंच असतं,
आणि त्याचे पैसे मागताना माझी जीभ अडखळते.
बटण चालू होतं. त्याच प्लगात टेबललॅम्प लावला, लागला.
केबल बदलली.
पंखा नाही, बीप नाही.

कॅबिनेट उघडलं. आत
माशाचं एक खवलं, रुपयाएवढं,
मदरबोर्डाच्या कडेला चिकटलेलं.
ते इथवर कसं आलं मी विचारलं नाही,
तांडेलांनी सांगितलं नाही.

रॅम काढली, सोनेरी कड खोडरबराने घासली
(रबर पुतणीचं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं;
ऑफिसभर मासळी, डिझेल आणि स्ट्रॉबेरी).
नाण्याएवढी बॅटरी काढून पाच मिनिटं तळहातावर ठेवली, परत बसवली.
हिरव्या वायरीपासून काळ्या वायरीपर्यंत यू पिन वाकवून घातली,
सप्लायचा पंखा भिरभिरला.
म्हणजे पोटात वीज होती.
सगळं जागच्या जागी लावून पुन्हा बटण दाबलं.
ढिम्म.

दारात आत्माराम नाखवा कधीचा उभा.
तांडेल म्हणाले, सगळ्यांची उधारी ह्याच्यात आहे,
वह्या मालकांनी गेल्या वर्षीच रद्दीत घातल्या.
नाखवा माझ्या खांद्याशी वाकला, हळूच म्हणाला,
ताई, नाही झाला तरी चालेल.

मी ऐकलं नसल्यासारखं केलं.
बोर्डाच्या कोपऱ्यात दोन पिना असतात,
बटणाची वायर तिथे येऊन थांबते.
ती वायर उपटली आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक
दोन्ही पिनांवर एकदमच टेकवलं.

घर्रर्र.

म्हणजे आतलं सगळं धडधाकट.
मेलं होतं फक्त बटण,
नऊ वर्षं एकाच अंगठ्याखाली, खाऱ्या हवेत.
कान शाबूत होते. हाक मारणारा घसा बसला होता.
रिसेटच्या वायरी काढून पॉवरच्या पिनांवर चढवल्या:
आता खालचं बारकं बटण दाबायचं,
वरचं मोठं नुसतं शोभेला.
तांडेलांनी स्केचपेनने लगेच लिहिलं, इथे,
आणि बाण काढला. बाण चुकून मोठ्या बटणाकडे गेला.
तो खोडून दुसरा काढला.

पडद्यावर तारीख आली,
एक जानेवारी दोन हजार नऊ.
बॅटरी काढली की ह्या जातीची मशिनं
अशीच मागे जातात.
त्या तारखेला धक्का होता, कारखाना होता,
पण यादीतलं कुणीच कुणाचं काही लागत नव्हतं.
नाखव्यानेही वाचली असावी.
असंच ठेवता येत नाही का? त्याने विचारलं,
मला की कॉम्प्युटरला, कळलं नाही.

तांडेलांनी आजची तारीख विचारून घेतली,
एका बोटाने टाइप केली,
यादी उघडली.
नाखवा, एकवीस लाद्या. मार्चपासूनच्या.

एकवीस लाद्या, केव्हाच वितळून
पाण्यात पाणी झालेल्या,
इथे मात्र अजून घट्ट, ओळीने रचलेल्या.

मी पावती करायला बसले.
पार्ट: काही नाही.
काम: इकडची वायर तिकडे.
रकमेच्या रकान्यात पेन जरा वेळ तसंच धरलं,
मग साडेतीनशे लिहिलं.

हत्यारं भरून बाहेर पडले तेव्हा
नाखवा खिडकीशी आणखी चार लाद्या सांगत होता.
लिहा, तो तांडेलांना म्हणाला,
चालू आहे ना आता.