न पडलेलं फावडं

ग्रिम्सबीच्या कोर्टात आम्ही तिघं बसतो,
वकील नव्हे, गावातलीच माणसं:
एक बागवान, एक दातांचा डॉक्टर, आणि मी,
जिनं एकतीस वर्षं वाचनालयात
उशिरा आलेल्या पुस्तकांचा दंड मोजला.

समोर कीथ कॉकवेल. कोट उसना,
नखांच्या कडांत हॅडॉकचे खवले अजून.
मासळीच्या शेडमध्ये पहाटे पाचला
त्यानं बर्फाचं फावडं उगारलं लॉर्ना ऑडलिंगवर.
उगारलं. मारलं नाही.
खाली ठेवलं, आणि जाता जाता
तिच्या एप्रनचा बंद ओढला.
एवढंच.
त्याचा वकील हे 'एवढंच' चार वेळा म्हणाला.
केसालाही धक्का नाही, मॅडम.

आमच्या खालच्या टेबलाशी पिंचबेक, कायदा सांगणारे,
पुस्तक न उघडता बोलले:
हात पोचायलाच हवा असं नाही.
आता पोचणार, हे समोरच्याला कळलं की पुरे.
आणि अंगावरचं कापड अंगच धरायचं,
बंदाच्या टोकापर्यंत.
गर्दीत खांदा लागतो, तो माफ,
त्याला आपण उंबरा ओलांडतानाच होकार दिलेला असतो.
बंदाला नाही.

वकिलानं लॉर्नाला विचारलं, घाबरलात?
नाही, ती म्हणाली.
बावीस वर्षं त्या शेडमध्ये आहे, घाबरायला वेळ कुठे.
फक्त कळलं, आता बसणार.
म्हणून हातातला सुरा बाजूला ठेवला,
मधेच कुणाला लागायला नको.
वकील खूश. लिहून घेतलं: घाबरली नाही.
पिंचबेक वळले आमच्याकडे, हळूच म्हणाले,
भीतीची अट नाही. कळण्याची आहे.

कळणं.
बाबा ट्रॉलरवरून तीन दिवसांसाठी घरी यायचे.
फाटकाची कडी एका विशिष्ट तऱ्हेनं वाजली
की आई चष्मा काढायची,
घडी घालून पावाच्या डब्यात ठेवायची.
हात बहुतेक रात्री हवेतच राहायचा.
मग जेवण. मग रेडिओवर हवामान.
मी एकदा विचारलं, तू घाबरतेस का गं?
छे, म्हणाली, काच महाग असते.

बाबा गेले तेव्हा चर्चबाहेर सगळे म्हणत होते,
माणूस तापट, पण बायकोला बोट लावलं नाही कधी.
मीही मान हलवली होती.

मागच्या खोलीत सात मिनिटं. चहा तसाच.
डॉक्टर म्हणाले, बंदाचं जरा जास्तच होतंय का?
बागवान बोटांवरची माती खरवडत राहिला,
मग म्हणाला, नाही.
दोषी. दीडशे पौंड भरपाई, ऐंशी तास सक्तीचं काम.
मी सही केली, आणि सही झाल्यावर पाहिलं,
चष्मा माझ्या डाव्या हातात होता,
घडी घातलेला.
कधी काढला, आठवेना.

तो परत लावला.
कागद पहिल्यापासून वाचला, हळू, एकेक ओळ.
सही तीच राहू दिली.