जड पाणी

मिरजेत गुडघा बदलून आक्का आमच्याकडे आल्या
आणि त्याच महिन्यात चंदनाची बदली नंदुरबारला.
उरलो मी आणि सासूबाई,
विश्रामबागेतल्या दोन खोल्या,
मधे टीव्ही, त्याचाही आवाज बंद.

चंदना फोनवर म्हणाली, काचेची पेटी आणा एखादी,
बघायला काहीतरी होईल दोघांना.
कोंडल्याचं पाप कुणाच्या नावावर, आक्कांनी विचारलं,
आणि काठी घेऊन माझ्याआधी रिक्षात बसल्या.

तांबोळीच्या दुकानात मी थेट फायटरपाशी.
निळा, शेपटी म्हणजे उलगडलेला शालू.
"तो एकटाच राहतो," तांबोळी म्हणाला.
एंजल? "आज गरीब दिसतोय. मोठा झाला की
निऑन एकेक कमी होत जातात
आणि गिऱ्हाईक फिल्टरला शिव्या देतं."
टायगर बार्ब शेपट्या कुरतडतो.
गोल्डफिशला थंडावा लागतो, घाणही फार.
आक्का स्टुलावर बसून ऐकत होत्या,
स्थळ बघायला आल्यासारख्या.
"जो दुसऱ्याच्या तोंडात मावतो, मावशी,
तो त्याचा सोबती नव्हे."

मग त्यानं विचारलं, पाणी कुठलं?
बोअरचं. डाळ शिजत नाही त्यात,
बादलीला पांढरा थर.
"मग निऑन विसरा. जड पाण्यात मॉली सुखात."
आक्कांनी तेव्हा तोंड उघडलं:
"कृष्णेत सोडले तर जगतील का हे?"
"हे इथले नाहीत. थंडीनं जातील,
नाहीतर मरळच्या पोटात."
"मग घ्या."
सहा मॉली, साऱ्या माद्या.
नर नको, भांडण नको, पोरवडा नको.

माझे हात मार्केट यार्डातले.
दिवसभर हळदीची कांडी मोडून आतला रंग बघायचा,
नखांत पिवळं मुरलेलं.
पेटीत साबणाचा हात चालत नाही
आणि साबणाशिवाय हळद जात नाही
(साबणानंही जात नाही, खरं तर),
म्हणून पाण्यात हात आक्कांचा.
आमचं पिण्याचं गाळतात त्याच दुहेरी फडक्यानं
त्या माशांचंही गाळत.
दाणे दिवस मावळायच्या आत.
आमच्यात मासेही रात्रीचं जेवत नाहीत.

ही व्यवस्था बावीस दिवस टिकली.

त्या रात्री त्यांनी मला नावानं हाक मारली.
एरवी नुसता खाकरा असतो.
काळी मॉली दगडामागे थरथरत होती.
तिच्यातून एक टिंब सुटलं,
दोन डोळे असलेलं.
दुकानातूनच पोटुशी आलेली.
दुसरं टिंब. तिसरं.
मग ती सावकाश वळली
आणि तिसरं नव्हतं.

मला वाटलं, आता तांबोळीचा उद्धार होणार,
किंवा माझा.
आक्कांनी फडकं आणलं, पाणी गाळायचं,
आणि इडलीचं पातेलं.
मी टॉर्च धरला.
डॉक्टरांनी वाकवू नका म्हटलेला गुडघा वाकवून
तीन वाजेपर्यंत त्या एकेक टिंब उचलत होत्या
आणि मी, डावीकडे आक्का,
शेवाळात, नाही, वर, वर.
कधीतरी माझाही हात पाण्यात गेला.
पिवळा, कोपरापर्यंत.
त्यांनी तो बघितला.
"राहू दे," म्हणाल्या, "तिकडं दोन आहेत."

सकाळी नंदुरबारचा फोन.
आई कशी आहे, चंदनानं विचारलं,
आणि मी आधी पेटीकडे बघितलं.
मग सगळं सांगितलं. एकोणीस वाचली म्हणालो.
स्वयंपाकघरातून आवाज आला:
"वीस. एक बुडाशी आहे,
नीट मोज."