छाया-किंमत

पाषाणच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
दुपारी चारच्या चहाला उत्तर आलं:
तोफा अकरा पूर्णांक चार,
रडार दोन, ड्रोन त्रेसष्ट,
रणगाडे शून्य.

शून्य ऐकून कर्नल थोरव्यांनी कप खाली ठेवला.
बावीस वर्षं रणगाड्यात काढलेला माणूस.
मग म्हणाले, 'आणि हे पूर्णांक चार?
चार दशांश तोफ म्हणजे, बाई,
नळीशिवाय, की तोफचीशिवाय?'
मी हसले. म्हटलं, अकरा करू नाहीतर बारा,
बघू कुठलं परवडतं.

परवडणं हाच माझा विषय.
किंमत, देखभाल, पल्ला,
उण्या तापमानात सुरू होतं का,
एका रुपयात किती थांबवतं.
काय थांबवतं
ते रकान्याच्या नावात लिहायची पद्धत नाही.

सतरावी ओळ मीच घातली होती, मार्चमध्ये:
हानी, चाळीसपेक्षा जास्त नको.
चाळीसच का, कुणी विचारलं नाही.
मीही तो आकडा आधीच्या अहवालातून उचललेला.
आज तिच्यासमोर छाया-किंमत उमटली आहे:
मर्यादा एकाने सैल करा,
तीन कोटी बहात्तर लाख वाचतील.

तीनदा तपासलं. चूक नाही.
थोरवे खिडकीबाहेर करंजाखालची
आपली स्कूटर बघत विचारतात, 'झालं?'
'जवळपास,' मी म्हणते,
आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवत नाही.

संध्याकाळी सुतारवाडीच्या कोपऱ्यावर
लोंढेबाईंकडे दोनशे रुपयांत आठवडा बसवते.
गवार कडाडलीय, दोडका परवडतो.
शिकताना पहिलं गणित हेच सोडवलं होतं:
सगळी जीवनसत्त्वं, सर्वांत स्वस्त ताट.
उत्तर अचूक होतं.
ते जेवण कुणी जेवलं नसतं.

रात्री झोपेत कुणीतरी हजेरी घेत होतं,
चाळीसवर थांबत होतं.

सकाळी शिपाई झाडू मारत असतानाच पोचले.
चाळीसचे एकोणचाळीस केले, बटण दाबलं.
ड्रोन एकसष्ट. तोफा बारा, पुऱ्या बारा.
खर्च वर गेला, तीन कोटी नव्वद लाखांनी;
आवळताना नेहमी थोडं जास्तच पडतं.
'बदलाचे कारण' या चौकटीत
कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.

साडेनऊला थोरवे आले,
हेल्मेट काखेत धरूनच माझ्या खांद्यावरून वाकले,
बारा वाचलं.
'हं,' म्हणाले,
'आला वाटतं तोफची.'