जांबोटीपासून चोर्ल्याकडं

पहाटेची गाडी आम्हाला नाक्यावर उतरवते.
कंडक्टर म्हणतो, पुढं गाडी जातीय की,
मग उतरताय कशाला?
इरव्वा नाड्या आवळते. उत्तर देत नाही.
तिच्या बुटात भावाचे मोजे,
माझ्या खिशात चिक्कीच्या दोन वड्या, प्लास्टिकात गुंडाळलेल्या.

आमच्याकडं बायकाही ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात.
पुण्याला दिलेली आतेबहीण फोनवर हसते.
हसू दे.
मी धावतो.

पहिले दोन किलोमीटर पाय आपले नसतात.
ते अजून उद्यमबागेत असतात, फाउंड्रीच्या फरशीवर,
आठ तास उभे.
मग कुठंतरी, आंजणीच्या निळ्या फुलांपाशी,
ते मागून धापा टाकत येतात
आणि आम्हाला येऊन मिळतात.

रस्ता तांबडा होतो, मग काळा, मग परत तांबडा.
ऐन, किंजळ, नाना,
मधेच एखादं जांभूळ, जे कुणी लावलेलं नाही.
शीळकरी पाखरू एक सूर धरतं आणि सोडून देतं,
सुताराची पोरं काम करताना सोडतात तसं.
अंतराच्या दगडावर एका लिपीवर दुसरी लिपी,
तिच्यावर चुना, चुन्यावर कुणाचं तरी बोट पुसलेलं.
किती राहिलं ते कळत नाही.
इरव्वा म्हणते, निधान अक्का, निधान.
ती कन्नडात धावते, मी मराठीत,
धाप दोघींची एकच.

कणकुंबीच्या अलीकडं गवा.
रस्त्याच्या मधोमध, पांढरे मोजे घालून,
जणू त्यालाही कुठं नंबर लावायचाय.
आम्ही थांबलो.
घड्याळ थांबलं नाही.
चार मिनिटं, मग सहा.
महिनाभर वाचवलेले सेकंद त्याच्या शेपटीनं
माशांसारखे हाकलले.
इरव्वाला हसू फुटलं, तोंडावर हात धरून,
तरी खांदे हलतच राहिले.
गेला तेव्हा कारवी बराच वेळ
त्याच्यामागं दार लावत होती.

मलप्रभा जिथून निघते तिथं कुंडाचं पाणी तोंडावर मारलं.
हे पाणी पूर्वेला जातं, इरव्वाच्या गावाकडं.
थोडं पुढं गेलं की ओढे पाठ फिरवतात,
पश्चिमेला उतरतात, गोव्याला.
मधली रेघ मी शोधली, दोनदा.
तिथं फक्त एक मोरी होती
आणि मोरीवर वाळत घातलेला टॉवेल.

घाटाच्या तोंडाशी एकवीस पुरे झाले.
खाली धुकं, धुक्याखाली जंगल, जंगलाखाली अजून जंगल.
समुद्र दिसत नाही.
इथून समुद्र दिसतो म्हणणारे थापा मारतात.
पण वारा आला आणि ओठ खारट लागले.
घामच तो, इरव्वा म्हणाली.
असेल.
मी तरी जीभ फिरवली परत.

परतीची गाडी अकराला.
त्याआधी कायतानचा टेम्पो आला, बांगड्याचे क्रेट भरून,
बेळगावच्या बाजाराला.
चढा, म्हणाला, पण वास सोसा.
इरव्वानं, जिच्या घरात लसणालाही शुक्रवारी मनाई,
ओढणीनं नाक बांधलं
आणि चिक्की नाकावरच्या गाठीखालून खाल्ली.

बर्फ वितळत होता.
क्रेटच्या फटीतून पाणी टपटपत होतं
त्याच रस्त्यावर, वळण वळण,
मोरीवर, कुंडाच्या फाट्यावर,
गव्यानं अडवलं त्या जागेवर,
चुना फासलेल्या त्या दगडाजवळ.
मी मागं बघत बसलो.
एवढं आम्ही धावलो होतो होय?
समुद्र मागं मागं रेघ ओढत येत होता,
बारीक, ओली,
ऊन पडलं की लगेच वाळणारी.

जांबोटीत इरव्वा झोपली, डोकं माझ्या खांद्यावर.
एका बांगड्याचा डोळा उघडा, माझ्याकडं.
घड्याळ अजून चालूच राहिलं होतं.