फॉल्स ओके

उद्यमबागेत चौदा वर्षं मी ओके लिहिलं,
पिवळ्या पेंटनं, पंपाच्या केसिंगच्या आतल्या अंगाला.
हातोडीचा एक टोला, कान जवळ:
खणखणलं तर ओके,
भदभदलं तर परत भट्टीत.

पण असंही असतं एखादं,
वाजतं खणखणीत
आणि पोटात धरून असतं हवेचा बुडबुडा.
त्याला आमच्यात नाव नव्हतं.
भरमा मोल्डर म्हणायचा, "गोड बोलून फसिवलंय बघ गा."
नाव आणलं पुण्याच्या ऑडिटरनं,
फळ्यावर लिहिलं: फॉल्स ओके.
चांगल्याला नाही म्हटलं तर फार बिघडत नाही, म्हणाला,
वितळवा, पुन्हा ओता.
होकार मात्र तोवर ट्रकात चढलेला असतो.

मी चंदगडचा. होकाराशी माझं पहिल्यापासूनच वाकडं.
नवा होतो तेव्हा शिवलिंगला विचारलं, हा लॉट कुठं ठेवायचा, इथंच?
तो म्हणाला, "हौद्री."
मी हौदाकडं नेला. सहा फेऱ्या.
कानडीत हो म्हणजे हौद
हे कळेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली होती.

वैजू, माझी मुलगी, कॉलेजात इंग्रजी शिकते.
परवा म्हणाली, बाबा, तुमचा ओकेच मुळात चुकीचा.
अमेरिकेत कुणीतरी गंमत म्हणून
'सगळं बरोबर' मुद्दाम अशुद्ध लिहिलं,
त्यातली पहिली दोन अक्षरं उरली.
म्हणजे बरोबर आहे असं सांगणारी
दोन्ही अक्षरं चूक.
मी हसलो.
ती अभ्यासाला गेली, आणि मला रायबाग आठवलं.

रायबागच्या पुढं एका मळ्यात गेलो होतो, कंपनीच्या जीपमधून,
फुटलेलं केसिंग परत आणायला.
चिरेच्या तोंडाशी तुरीच्या दाण्याएवढं भोक,
आणि त्याला लागून, ग्रीसखाली, पिवळं, ठसठशीत.
त्या माणसाचा उजवा हात फडक्यात बांधलेला.
चहा त्यानं डाव्या हातानं दिला
आणि डावा हात म्हणून माफी मागितली.
मग अक्षरांकडं हनुवटी करून विचारलं,
"येन बरदैत्री इल्ली?"

मला तोवर कानडी चांगली येत होती.
बरोबर म्हणजे सरी, हेही येत होतं.
मी एवढंच म्हटलं,
अक्षर माझं आहे.

त्यानं वाकून पुन्हा नीट बघितलं.
"चलो ऐत्री," म्हणाला. छान आहे.