पाटी

दर गुरुवारी चॅपलच्या मागच्या खोलीत मी टेबल मांडते.
दोन पेनड्राइव्ह, बारीक पेचकस, दाताचा जुना ब्रश,
आणि एकाच बाजूनं तापणारा हीटर.
बाहेर पाऊस. ब्लायनायमध्ये त्याला पाऊस म्हणत नाहीत,
हवा म्हणतात.

ग्विलिम आला तो लॅपटॉप कोटाच्या आत धरून,
कोंबडी आणावी तसा.
"चांगला चालतोय," बसायच्या आधीच म्हणाला,
"काही झालेलं नाही याला. फक्त हे बघ काय बोलतोय."

पडद्यावर निळ्या, सभ्य अक्षरांत:
ऑक्टोबरनंतर या यंत्राची जबाबदारी आमच्यावर नाही.

"खाणीतून असंच पत्र आलं होतं.
कागद मात्र जाड होता."

मागचं झाकण उघडलं. पंख्यात राखाडी बोळा, बोटभर.
तो वाकून बघत राहिला.
"डॉक्टरनं दाखवलं होतं मला, भिंतीवरच्या दिव्यासमोर धरून,"
म्हणाला, आणि खोकला.
आला म्हणून खोकला की मुद्दाम, कळलं नाही.
मी ब्रशनं सोडवत सोडवत बोळा काढला.
त्यानं तो रुमालात घेतला,
लगेच फेकला नाही.

नवी प्रणाली उंबऱ्यातच अडली.
प्रोसेसर म्हातारा, सुरक्षेची चिप नाही,
क्षमस्व, पुढे जाता येणार नाही.
"मग?"
"मग थोडं खोटं बोलायचं."
दोन ओळी बदलायच्या. तपासणी होतेच,
फक्त तपासणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं
कुठं बघू नकोस ते.

ग्विलिम इतका हसला की हीटर सरकवावा लागला.
एकाहत्तर साली खाणीच्या दवाखान्यात
नळीत फुंकर मारायची होती.
काटा चढला नाही तर वरचं काम, निम्मा पगार.
त्याच्या नावानं धाकटा भाऊ ईवोर आत गेला,
त्याचीच टोपी डोळ्यांवर ओढून.
"भोंगा वाजवावा तसा फुंकला पठ्ठ्यानं!
डॉक्टर म्हणाला, ग्विलिम, तू शंभरी गाठणार."
मग चहा ढवळला, साखर नव्हती तरी.
"ईवोर चाळिशीतच गेला. समुद्रात."

"पाटी कोरी करू?" मी विचारलं.
या गावात हा प्रश्न जपून विचारावा लागतो.
आमची छपरं पाटीची, कुंपणं पाटीची, थडगीसुद्धा.
कुठल्या कुठल्या देशांतली पोरं
आमच्या डोंगराच्या कापांवर थुंकी लावून
चुकलेली बेरीज पुसत होती.
"कर," तो म्हणाला, "पण आधी उतरवून घे."
उतरवलं. मेंढ्यांचे एकशे बारा फोटो,
गायनमंडळाची वर्गणी, सात वर्षांची थकबाकी नावांसकट,
आणि ओल्वेन नावाची एक फाइल
जी मी उघडली नाही
आणि त्यानं उघडायला सांगितली नाही.

सदतीस टक्क्यांवर अर्धा तास.
दोघंही त्या आकड्याकडे बघत बसलो,
कुणी बोललं तर तो बिचकेल अशा बेतानं.
मग यंत्रानं भाषा विचारली.
ग्विलिमनं यादी खाली, खाली, आणखी खाली नेली,
जाड बोटानं, खडकाची शीर शोधावी तसं.
सापडली आमची.
टोपीवाल्या अक्षरासकट.
"यांना आपण माहीत आहोत?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, "यादीपुरते."

जाताना मी सांगायचं ते सांगितलं:
पुढचे अपडेट येतील न येतील, वचन नाही,
महत्त्वाचं दुसरीकडेही ठेवत जा.
त्यानं नीट ऐकून घेतलं, सहा अंडी ठेवली,
लॅपटॉप कोटात घातला, बटणं लावली.

पुढच्या गुरुवारी खिडकीतून बघते
तर चढावर ढकलगाडी, वर मेणकापड,
दर दहा पावलांना थांबत, दम घेत.
मेणकापडाखाली चार लॅपटॉप, एक टॉवर, कुणाचा तरी प्रिंटर.
"सगळे चालतात," तो लांबूनच ओरडला,
"काही झालेलं नाही यांना!"

मी हीटर लावला.
प्रिंटर मात्र खरंच मेलेला होता.